इटलीत कुठे जेवावे आणि कुठे चालावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटलीला निघालेले नातेवाईक, मित्र आणि मित्रांचे मित्र आम्हाला जे प्रश्न पुनःपुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. जेवणाचे आणि पायी फिरण्याचे प्रश्न मुद्दाम वेगळे ठेवलेले नाहीत, कारण लक्षात राहणारी खाणावळ बहुधा प्रसिद्ध चौकापासून पायी दहा-पंधरा मिनिटांवर असते आणि जो तेवढे चालतो त्याला ती सापडते. उत्तरे प्रामुख्याने रोम, फ्लॉरेन्स, बोलोन्या, व्हेनिस आणि लिगुरियाचा किनारा यांना धरून आहेत.

१. पाटीवर कुठे त्रातोरिया लिहिलेले असते, कुठे ओस्तेरिया, तर कुठे रिस्तोरान्ते. नेमका फरक काय?

मुळात ओस्तेरिया म्हणजे वाइन प्यायची जागा, जिथे सोबत थोडेफार खायला मिळे. त्रातोरिया म्हणजे कुटुंबाने चालवलेली घरगुती खाणावळ. आणि रिस्तोरान्ते म्हणजे पांढऱ्या टेबलक्लॉथचे, अधिक औपचारिक उपाहारगृह. आज हे भेद पुसट झाले आहेत. 'ओस्तेरिया' या शब्दाला जुनेपणाचा वास असल्यामुळे महागड्या, नव्या जागाही तो हौसेने लावतात, त्यामुळे पाटीवरून किंमत किंवा दर्जा ठरवू नये. बोलोन्यात मात्र शब्दाला जागणारी एक ओस्तेरिया अजून आहे. 'ओस्तेरिया देल सोले' १४६५ पासून चालत आल्याचे सांगतात. तेथे फक्त पेय विकत मिळते आणि खाणे आपण शेजारच्या बाजारातून बांधून न्यायचे असते.

याखेरीज तीन शब्द उपयोगी पडतात. फोर्नो म्हणजे बेकरी, जिथे पिझ्झाचा तुकडा वजनावर मिळतो. ताव्होला काल्दा म्हणजे तयार गरम पदार्थांचे दुकान. बार म्हणजे सकाळी कॉफी प्यायची जागा. मुलांना घेऊन आत जायला संकोच करण्याचे कारण नाही.

२. जेवणाच्या वेळा कोणत्या? दुपारी तीनला गेलो तर सगळे बंद का होते?

दुपारचे जेवण साधारण साडेबारा ते अडीच आणि रात्रीचे साडेसात ते साडेदहा या वेळात मिळते. मधल्या काळात स्वयंपाकघर बंदच असते. रात्री आठला जेवणाऱ्या मराठी कुटुंबाला याचा काही त्रास होत नाही. फसगत होते ती दुपारी. संग्रहालयातून अडीचला बाहेर पडून, 'जरा बसू आणि मग बघू' असे म्हणेपर्यंत तीन वाजतात आणि उघडी राहतात ती फक्त पर्यटकांसाठी दिवसभर चालणारी दुकाने. अशा वेळी फोर्नो शोधावा आणि खरे जेवण रात्रीसाठी राखून ठेवावे.

साप्ताहिक सुट्टी प्रत्येकाची वेगळी असते. सोमवार आणि रविवार संध्याकाळ हे नेहमीचे दिवस. ऑगस्टमध्ये, विशेषतः १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तो या सणाच्या आसपास, दारावर 'कियुझो पेर फेरिए', म्हणजे 'सुट्टीसाठी बंद', असा कागद चिकटवलेला दिसतो. कुटुंबाने चालवलेल्या जागा आधी बंद होतात आणि पर्यटकांवर चालणाऱ्या उघड्या राहतात, हे ऑगस्टात जाणाऱ्यांनी गृहीत धरावे.

३. पर्यटकांना गिऱ्हाईक करणारी जागा आणि स्थानिकांची जागा, हे बाहेरून कसे ओळखावे?

दारात उभा राहून 'या, या' म्हणणारा माणूस, पदार्थांचे रंग उडालेले फोटो आणि सात-आठ भाषांतले मेन्यूकार्ड या खुणा आता सर्वांना ठाऊक आहेत. आम्ही त्याहून वेगळी गोष्ट पाहतो: मेन्यूला भूगोल आहे की नाही. इटलीचे स्वयंपाक प्रांताप्रांतांचे आहेत, आणि ज्या कार्डावर रोमचा कार्बोनारा, जेनोव्हाचा पेस्तो, बोलोन्याचा लझान्या आणि मिलानचा रिझोत्तो एकत्र नांदतात, ते कार्ड स्वयंपाक्याने लिहिलेले नसते. बोलोन्यातच याची सोपी परीक्षा होते. तेथे मांसाचा रागू, म्हणजे घट्ट सॉस, अंड्याच्या ताज्या ताल्यातेल्लेबरोबर, म्हणजे पट्ट्यांच्या पास्ताबरोबर, वाढतात; 'स्पागेत्ती बोलोन्येसे' असे लिहिलेले दिसले की पुढे चालू लागावे.

चांगल्या जागेचा मेन्यू आखूड असतो आणि बदलतो. रोममध्ये गुरुवारी न्योक्की, म्हणजे बटाट्याच्या छोट्या गोळ्या, शुक्रवारी खारवलेला कॉड मासा आणि शनिवारी वजडी अशी जुनी रीत आहे, आणि ती पाळणाऱ्या खाणावळी अजून आहेत. आम्हाला रोमच्या तेस्ताच्चो वस्तीत एका गुरुवारी दारावर खडूने फक्त 'न्योक्की' एवढेच लिहिलेली पाटी दिसली. आत रंगाने माखलेल्या पँटीतले चार कामगार एकही शब्द न बोलता जेवत होते, आणि मालकीणबाईंनी आम्हाला मेन्यू न देता, 'दोन ना?' एवढेच विचारले. कामाच्या दिवशी दुपारी कोण जेवते आहे, ही खूण आम्हाला आजवर सर्वांत भरवशाची वाटली आहे. रात्रीची गर्दी फसवी असू शकते.

दारावर गोगलगायीचे चित्र दिसले तर थांबून पाहावे. रोमच्या स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅक्डोनाल्ड्स उघडण्याला १९८६ मध्ये जो विरोध झाला, त्यातून कार्लो पेत्रिनी यांची स्लो फूड चळवळ वाढली, आणि गोगलगाय हे तिचे चिन्ह आहे. ही चळवळ इटलीभरच्या ओस्तेरियांची मार्गदर्शिका काढते आणि तिच्यातल्या निवडीवर आम्ही सहसा विश्वास ठेवतो.

४. गुगलवर ४.७ गुण आणि हजारो अभिप्राय असतील तर डोळे झाकून जावे का?

डोळे उघडे ठेवून जावे. गुण पाहण्याऐवजी इटालियन भाषेतले अभिप्राय वेगळे काढून भाषांतरित करून वाचावेत. 'वेटर फार प्रेमळ होता' असे लिहिणारा पाहुणा असतो. रागू पातळ होता की घट्ट, यावर तक्रार करणारा शेजारी राहणारा असतो. थोड्या कमी गुणांची पण स्थानिकांच्या कुरकुरीने भरलेली जागा आम्हाला अधिक आश्वासक वाटते.

५. पत्ता हाती असूनही फ्लॉरेन्स आणि व्हेनिसमध्ये जागा सापडत नाही. आमचे काय चुकते?

तुमचे काही चुकत नाही. फ्लॉरेन्समध्ये एकाच रस्त्यावर घरक्रमांकांच्या दोन मालिका आहेत: घरांची निळी किंवा काळी आणि दुकानांची लाल. पत्त्यात आकड्यापुढे 'आर' असेल तर तो 'रोस्सो', म्हणजे लाल क्रमांक असतो. निळा बारा आणि लाल बारा यांच्यात बरेच अंतर असू शकते, त्यामुळे खाणावळ शोधताना फक्त लाल आकडे वाचत जावे.

व्हेनिसमध्ये क्रमांक रस्त्याचे नसून सेस्तिएरेचे, म्हणजे शहराच्या सहा विभागांचे असतात आणि ते हजारांत जातात. तेथे क्रमांकाचा नाद सोडून जवळचा काम्पो, म्हणजे चौक, आणि जवळचा वापोरेत्तोचा, म्हणजे प्रवासी बोटीचा, धक्का विचारून ठेवावा.

६. आम्ही शाकाहारी आहोत. पास्ता आणि पिझ्झाच्या पलीकडे काही मिळेल का, आणि फसगत कुठे होते?

भरपूर मिळेल, आणि महाराष्ट्रातल्या जिभेला ओळखीचेही मिळेल. लिगुरियात फारिनाता मागावी: हरभऱ्याच्या पिठात पाणी, तेल आणि मीठ घालून केलेले पातळ मिश्रण मोठ्या तांब्याच्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. वरचा थर खरपूस आणि आतून मऊ असा तो तुकडा कागदावर येतो, वर मिरपूड. बेसनाचे धिरडे भट्टीत घातल्यासारखी ती चव, हिरव्या मिरचीची आठवण मात्र येत राहते. पालेर्मोत त्याच पिठाच्या तळलेल्या वड्यांना पानेल्ले म्हणतात आणि त्या पावात घालून देतात. वडापावाची आठवण येऊ नये असे म्हणणेच अवघड आहे. तोस्कानात शिळ्या पावाचे पाप्पा आल पोमोदोरो, पुल्या प्रांतात सुक्या बाकल्याचे घोटलेले वरण आणि कडसर पालेभाजी, कातानियात वांग्याचा पास्ता आल्ला नोर्मा, आणि रोमच्या ज्यू वस्तीत हिवाळ्याअखेरीस आख्खे तळलेले आर्टिचोक हे पदार्थ मुळातच बिनमांसाचे आहेत.

फसगत बारीक ठिकाणी होते. पुन्तारेल्ले ही रोमची कोशिंबीर दिसायला निव्वळ पालेभाजी, पण तिच्या मसाल्यात अँकोव्ही मासे असतात. चिमे दी रापा ही पालेभाजी घातलेल्या पुल्याच्या ओरेक्क्येत्ते पास्तातही ते बहुधा असतात. मिलानचा केशरी रिझोत्तो मांसाच्या रश्श्यात शिजतो. रोमान्याच्या पियादिनाच्या कणकेत परंपरेने स्त्रुत्तो, म्हणजे डुकराची चरबी, घालतात. बोलोन्यात एका स्वराने जेवण बदलते: तोर्तेल्लीनीत डुकराचे मांस असते, तर तोर्तेल्लोनीत सहसा रिकोत्ता चीज आणि पालेभाजी. शिवाय 'कार्ने', म्हणजे मांस, नको म्हटल्यावर प्रोश्शुत्तो, म्हणजे डुकराचे खारवून सुकवलेले मांस, चालेल असे समजणारे वेटर आम्हाला एकाहून अधिक वेळा भेटले आहेत. म्हणून 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेश्शे, सेन्त्सा ब्रोदो दी कार्ने' असे तिन्ही म्हणावे: मांस नको, मासे नकोत, मांसाचा रस्साही नको.

चीजबाबत काटेकोर असणाऱ्यांनी हेही जाणून घ्यावे, की पार्मिज्यानो रेज्यानो नियमानुसार वासराच्या जठरातील रेनेट वापरूनच करतात. ज्यांना ते चालत नाही त्यांच्यासाठी पिझ्झा मारिनारा सुरक्षित आहे; त्यावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल असते, चीज नसते.

७. आई-वडील कांदा-लसूण आणि अंडीही खात नाहीत. मग?

मांस-माशांविषयीची काळजी प्रश्न ६ मध्ये आली आहे; येथे फक्त पुढची पायरी. अंड्यांसाठी ढोबळ नियम असा, की उत्तरेकडचा, विशेषतः एमिलियाचा, ताजा पास्ता अंड्यात मळतात आणि दक्षिणेकडचा सुका पास्ता गव्हाचा रवा व पाणी एवढ्याचाच असतो. युरोपीय नियमांनुसार अंडी, दूध, गहू, सुकामेवा अशा १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला द्यावीच लागते, म्हणून तक्ता मागायला संकोच करू नये. कांदा आणि लसूण त्या यादीत नाहीत. ते 'सेन्त्सा चिपोल्ला, सेन्त्सा आल्यो' असे स्वतंत्र सांगावे लागते. टोमॅटोचा सॉस सकाळीच तयार झालेला असतो, त्यामुळे त्यातून लसूण काढता येत नाही. 'इन ब्यांको', म्हणजे नुसते लोणी किंवा ऑलिव्ह तेल घातलेला सुका पास्ता, आणि सोबत भाजलेल्या भाज्या हा जवळजवळ सर्वत्र जमणारा मार्ग आहे.

८. बिलात न मागितलेले पैसे कसले? टिप किती द्यावी?

कोपेर्तो हा माणशी आकार आहे. ताट, टेबलक्लॉथ आणि पाव यांचा. तो साधारण एक ते तीन युरो असतो आणि मेन्यूवर छापलेला असावा लागतो. रोम ज्या लात्सिओ प्रांतात आहे तेथे २००६ च्या प्रादेशिक कायद्याने कोपेर्तोला मनाई आहे, पण तेथे 'पाने', म्हणजे पाव, असा वेगळा आकडा दिसतो. पाव नको असेल तर तो टेबलावर येताक्षणी परत पाठवावा. 'सेर्व्हित्सियो' लिहिले असेल तर सेवाशुल्क लागलेले आहे. टिप बंधनकारक नाही. मन प्रसन्न झाले तर एक-दोन युरो ठेवतात.

पाणी बाटलीतच येते आणि त्याचे पैसे पडतात. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यायल्यास स्वस्त पडते आणि तीच चौकातल्या टेबलावर बसून घेतल्यास अनेक पट महाग होऊ शकते. मेन्यूतल्या पदार्थापुढची चांदणी म्हणजे तो पदार्थ गोठवलेला आहे.

९. मेन्यूत मासा ७ युरो आणि बिलात ८४! ही लूट नव्हे का?

नव्हे, आणि हे आम्ही स्वतःच्या खिशातून शिकलो आहोत. आख्ख्या माशाचा दर बहुतेक वेळा 'आल एत्तो', म्हणजे दर १०० ग्रॅमला, लिहिलेला असतो. लिगुरियाच्या किनाऱ्यावरील एका उपाहारगृहात वेटरने तबकातून मासा आणून दाखवला. आम्ही मासे खाणाऱ्या घरातले, त्याचे डोळे आणि कल्ले पाहून कौतुकाने मान डोलावली. ती मान म्हणजेच ऑर्डर होती. मासा भरला बाराशे ग्रॅम. मासा दाखवायला आणला की 'क्वान्तो पेझा?', म्हणजे 'वजन किती?', असे विचारावे आणि गुणाकार करूनच मान हलवावी. फ्लॉरेन्सच्या बिस्तेक्कालाही, म्हणजे गोमांसाच्या जाड स्टेकलाही, हाच नियम लागू आहे. ती किलोवर असते आणि सहसा एका किलोहून मोठी येते. इतर आकारांसाठी प्रश्न ८ पाहावा.

१०. प्रीमो, सेकोंदो, कोन्तोर्नो हे सगळे मागवलेच पाहिजे का?

नाही. एक प्रीमो, म्हणजे पास्ता किंवा भात, आणि एक कोन्तोर्नो, म्हणजे भाजी, एवढे पुरते; सेकोंदो, म्हणजे त्यानंतरचा मुख्य पदार्थ, सोडता येतो. मात्र चौघांत मिळून एकच ताट मागवणे लहान खाणावळीत बरे दिसत नाही.

११. खाणे आणि चालणे जोडून एक दिवस आखायचा असेल तर कोणत्या वाटा सुचवाल?

रोममध्ये आमची पहिली शिफारस तेस्ताच्चो ते आव्हेन्तिनो अशी आहे. पिरामिदे मेट्रो स्थानकाबाहेर केस्तियसचा प्राचीन पिरॅमिड दिसतो. त्याच्या सावलीतल्या दफनभूमीत इंग्रज कवी कीट्स आणि शेली विसावले आहेत. पुढे मोन्ते तेस्ताच्चो लागतो. ही सुमारे ३५ मीटर उंचीची टेकडी म्हणजे रोमन काळातील तेलाच्या फुटक्या रांजणांचा ढीग आहे, खापरावर खापर रचलेले. शेजारी १९७५ पर्यंत शहराचा कत्तलखाना होता. तेथील कामगारांना वाट्याला येणाऱ्या आतडी-शेपटीसारख्या भागांवर या वस्तीचा स्वयंपाक उभा राहिला. शाकाहारी वाचकांनी घाबरू नये, तेस्ताच्चोच्या बाजारात त्यांचेही पोट भरते. मात्र तो रविवारी बंद असतो. जेवून आव्हेन्तिनो टेकडी चढावी. माल्टाच्या सरदारांच्या दरवाजाच्या कुलपाच्या भोकातून झाडांच्या बोगद्याच्या टोकाशी सेंट पीटर्सचा घुमट नेमका मधोमध दिसतो. पुढच्या संत्र्यांच्या बागेत सूर्यास्त पाहून चिर्को मास्सिमोकडे उतरावे.

बोलोन्यात पोर्ता सारागोत्सापासून सान लुकाच्या देवस्थानापर्यंत सुमारे ३.८ किलोमीटरचा आच्छादित मार्ग आहे आणि त्याला ६६६ कमानी आहेत. मेलोंचेल्लो कमानीपर्यंत सपाटी आहे, नंतर दम लागतो. पुण्यात लोक सकाळी पर्वती चढतात, तसे बोलोन्याकर ही वाट चढतात: कोणी व्यायामाला, कोणी नवस फेडायला. डोक्यावर छप्पर असल्यामुळे पावसाळी दिवसासाठी आम्ही हीच वाट राखून ठेवतो. शहरातील कमानींच्या या वाटांना २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले.

व्हेनिसमध्ये स्थानकातून निघून ग्युल्ये पूल ओलांडावा आणि गर्दी जिकडे जाते तिकडे न जाता डावीकडे घेट्टोत शिरावे. १५१६ मध्ये ज्यूंना येथे कोंडले गेले आणि 'घेट्टो' हा शब्द येथूनच जगभर गेला. पुढे ओर्मेझीनी आणि मिझेरिकोर्दिया या कालव्याकाठच्या वाटांवर बाकारो, म्हणजे उभ्याने खायच्या लहान जागा, ओळीने आहेत. तेथे चिकेत्ती, म्हणजे एकेका घासाचे पदार्थ, काचेमागे मांडलेले असतात, त्यामुळे बोटाने दाखवून मागता येतात. वाइनच्या लहान पेल्याला व्हेनिसकर 'ओम्ब्रा' म्हणतात. शब्दाचा अर्थ सावली. दिवसापुरते येणाऱ्यांना २०२४ पासून ठरावीक तारखांना प्रवेशशुल्क लागते, ते आधी तपासावे.

फ्लॉरेन्समध्ये सान निक्कोलोपासून सान मिनियातो आल मोन्तेपर्यंत चढून, व्हिया सान लेओनार्दोच्या दगडी कुंपणांमधून ओल्त्रार्नोत उतरावे. चौकातली गर्दी मिकेलान्जेलो चबुतऱ्यावरच थांबते. पाच मिनिटे वर चढले की शांतता मिळते.

१२. चिंक्वे तेर्रेची, म्हणजे लिगुरियाच्या किनाऱ्यावरील पाच गावांची, वाट ऐन वेळी बंद होऊ शकते का?

होऊ शकते, आणि ते योग्यच आहे. २५ ऑक्टोबर २०११ च्या पुराने व्हेर्नात्सा आणि मोन्तेरोस्सो चिखलात गाडली होती; तेव्हापासून हवामानाच्या इशाऱ्याकडे कोणी दुर्लक्ष करत नाही. किनाऱ्याच्या वाटांसाठी राष्ट्रीय उद्यानाचे कार्ड लागते. रिओमाज्जोरे ते मानारोला ही व्हिया देल्लामोरे २०१२ च्या दरडीनंतर बंद होती. ती २०२४ मध्ये पुन्हा उघडली आणि तिच्यासाठी वेळ राखून वेगळे तिकीट घ्यावे लागते. बूट घट्ट तळव्याचे असावेत.

डोंगरवाटांवर दगडांवर आणि झाडांवर लाल-पांढरे पट्टे दिसतील. ती १८६३ मध्ये स्थापन झालेल्या इटालियन गिर्यारोहण संघाची खूण आहे. पाटीवर 'टी' म्हणजे सोपी वाट, 'ई' म्हणजे सह्याद्रीत अधूनमधून भटकणाऱ्याला जमेल अशी आणि 'डबल ई' म्हणजे अनुभवींसाठी. आमाल्फीजवळची देवांची वाट बोमेरानोकडून नोचेल्लेकडे चालावी, म्हणजे उतार मिळतो. मात्र नोचेल्लेहून खाली जाताना दीड हजारांच्या आसपास पायऱ्या आहेत आणि त्या गुडघ्यांना लागतात.

१३. सोबत सत्तरीचे आई-वडील आहेत. त्यांच्यासाठी काय?

प्रश्न ११ मधील व्हेनिसची वाट सपाट आहे, फक्त पुलांच्या पायऱ्या मोजून ठेवाव्यात. रोमची आव्हेन्तिनो टेकडी टॅक्सीने चढून पायी उतरता येते. व्हिया आप्पिया आन्तिकावर रविवारी वाहनांना बंदी असते, पण इ. स. पू. ३१२ मध्ये सुरू झालेल्या त्या रस्त्याचे मूळ दगड उंचसखल आहेत. कडेच्या मातीच्या पट्ट्यावरून चालावे. रोममध्ये रस्तोरस्ती 'नाझोने' नावाचे लोखंडी नळ अखंड वाहत असतात आणि पाणी पिण्यायोग्य असते. तोंडाशी बोट धरले की वरच्या छिद्रातून कारंजे उडते आणि ओंजळ न करता पिता येते.

ज्येष्ठांना सर्वांत आवडते ती मात्र पास्सेज्जाता: संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास सारे गाव मुख्य रस्त्यावर सावकाश येरझाऱ्या घालते, थांबते, गप्पा मारते. बाकावर बसून पाहिली तरी ती पुरते.

१४. आम्ही ग्रुप टूरने जात आहोत. रात्रीचे जेवण भारतीयच आहे आणि मोकळी संध्याकाळ एकच. काय करावे?

त्या संध्याकाळी टूरचे जेवण सोडावे आणि टूर मॅनेजरला सकाळीच तसे सांगावे, म्हणजे ताट वाया जात नाही. खाणावळ हॉटेलपासून चालत जाता येईल अशीच शोधावी. निवडीसाठी प्रश्न ३ आणि वेळेसाठी प्रश्न २ पाहावा. टूरची हॉटेले पुष्कळदा शहराबाहेर असतात आणि लोकांना त्याचे वाईट वाटते, पण अशा उपनगरातल्या पिझ्झेरियात पर्यटक जवळपास नसतात.

१५. जागा राखून ठेवणे जरुरीचे आहे का?

शुक्रवार-शनिवार रात्री आणि रविवारी दुपारी होय. रविवारी दुपारी तीन पिढ्या एका टेबलाभोवती बसतात आणि ते टेबल संध्याकाळपर्यंत रिकामे होत नाही. ईस्टरचा सोमवार, २५ एप्रिल आणि १ मे या सुट्ट्यांना गावाबाहेरच्या आग्रितुरिझ्मोही, म्हणजे शेतावर चालणाऱ्या खाणावळीही, भरून जातात. लहान जागा ईमेलला उत्तर देत नाहीत. सकाळी चालायला निघालात की दारातून डोकावून 'स्तासेरा, क्वात्रो, आल्ले ओत्तो', म्हणजे 'आज रात्री, चौघे, आठ वाजता', असे सांगावे. वहीत नाव लिहिताना आपले आडनाव त्यांना उच्चारता येत नाही, म्हणून सोपे पहिले नाव द्यावे; आमच्या घरात 'अनिल' चालते, मग जेवायला कोणीही जावो.